पन्नास पास्कल

दारात पंखा बसवून झाला तरी दिवाकर उराडे खुर्चीतून उठायला तयार नव्हते.

"बाबा, थोडा वेळ बाहेर मांडवात बसता का? चाचणी करायची आहे," प्रणाली म्हणाली.

"काहून? मी गळतो का कुठून?"

सोबतचे दोघं कामगार हसले. प्रणालीलाही हसू आलं. घरात माणूस बसलेला असला म्हणून चाचणी बिघडत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं त्यांना तिथंच राहू दिलं.

घर प्रणालीचं आणि तिच्या बाबांचंच होतं. चंद्रपूरच्या बाहेर, बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या पलीकडे, जिथून जंगलाची कड सुरू होते तिथं नवी गारवा वसाहत उभी राहत होती. वसाहतीतलं प्रत्येक घर राहायला देण्याआधी ते किती हवा गळतं हे तपासण्याचं काम प्रणालीकडे होतं, आणि आज तिच्या स्वतःच्या घराची पाळी होती. दिवाकरराव वनखात्यातून वनरक्षक म्हणून निवृत्त झाले होते. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

पंखा सुरू झाला. दाराच्या चौकटीत लाल रंगाचं जाड कापड ताणून बसवलेलं होतं आणि त्याच्या मधोमध तो पंखा घरातली हवा बाहेर ओढत होता. अशी हवा ओढली की घरातला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो. तो फरक पन्नास पास्कलवर आणून धरायचा. पन्नास पास्कल म्हणजे फार नव्हे. सरबताच्या ग्लासातली नळी ओठात धरून सरबत अर्धा सेंटिमीटर वर चढेल इतपत ओढायचं, तेवढाच तो जोर. पण तेवढ्यानं घर बोलू लागतं. खिडकीच्या चौकटीची फट, विजेच्या बटणामागची पोकळी, नळ भिंतीत शिरतो तिथली रेघ, जिथून वाट मिळेल तिथून बाहेरची हवा आत घुसते. पन्नासाचा फरक टिकवायला पंख्याला जेवढी हवा बाहेर फेकावी लागते, तेवढीच फटींमधून आत येत असते. घर किती गळतं ते त्यावरून कळतं. जुन्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरात तर हा फरक उभाच राहत नाही. पंखा फिरत राहतो आणि घर चाळणीसारखं हवा देत राहतं.

"इथून वारा येऊन राहिला," दिवाकरराव खिडकीच्या कोपऱ्याकडे तोंड करून म्हणाले. तिथून बारीक शिट्टी वाजत होती. "मोह फुलला वाटते. वास येते."

"तीच फट शोधत होते मी," प्रणाली म्हणाली, आणि तिनं तिथं खडूनं खूण केली.

दुपारी त्यांना मांडवात बसवून तिनं घरात धुकं सोडलं. ही पद्धत नवीन होती. आता पंखा उलटा लावायचा, म्हणजे घरातला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त होतो आणि हवा प्रत्येक फटीतून बाहेर पळू लागते. मग डिंकासारख्या एका चिकट पदार्थाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत सोडायचे. हवा फटीपाशी झटकन वळून निसटते. थेंब तिच्यापेक्षा जड, त्यांना ते वळण घेता येत नाही. ते फटीच्या काठावर आदळतात आणि तिथंच चिकटतात. थेंबावर थेंब बसत फट भरत जाते. कोणाला फट दाखवावी लागत नाही, धुकं ती आपली आपण शोधतं. शिवाय हा नवा पदार्थ कधी पूर्ण कडक होत नसे. भिंतीला पुढं बारीक तडा गेला तर तो त्यात सरकून तडा बुजवत असे.

संध्याकाळी पुन्हा मोजलं. पन्नास पास्कलवर तासाभरात घरातली पाव हवाही बदलत नव्हती. वसाहतीतला तो सगळ्यात चांगला आकडा होता.

"बाबा, आपलं घर पहिलं आलं," ती म्हणाली.

"शाब्बास," दिवाकरराव म्हणाले. ते आत येऊन खुर्चीत बसले होते. त्यांनी मान एकदा डावीकडे वळवली, एकदा उजवीकडे. "बाहेर कोणी नाही का?"

"आहेत की. कामगार सामान भरतायत गाडीत."

"असं," ते म्हणाले.

*

प्रणालीची आई उन्हानं गेली होती, आणि तेही घरात बसून. प्रणाली तेव्हा कॉलेजात होती. वनखात्याच्या पत्र्याच्या क्वार्टरमध्ये त्या मे महिन्यात पंखा गरम हवाच ढवळत होता. दारावर ओलं पोतं टाकलं तर ते बघता बघता वाळत होतं. आई दुपारी जरा पडते म्हणाली, ती पुन्हा उठली नाही. त्यानंतरचे उन्हाळे आणखी कडक होत गेले. विदर्भात एसी लावून भागेना, कारण सगळ्यांनी एकाच वेळी लावला की वीज जाई, आणि गळक्या घरातली थंडी घटकाभरात उडून जाई. म्हणून नव्या वसाहतींसाठी वेगळा विचार झाला. जमिनीखाली एक मोठं टाकं. सौरऊर्जेवर त्यात बर्फ तयार व्हायचा आणि त्याचं गार पाणी नळांतून घरोघरी फिरायचं. बर्फ मर्यादित, म्हणून घरं हवाबंद. कोंदट होऊ नये म्हणून प्रत्येक घराला एक श्वासपेटी. ती ताजी हवा आत घ्यायची आणि आत घेता घेता बाहेर जाणाऱ्या गार हवेला चाटून ती थंड करून घ्यायची.

प्रणालीचा या सगळ्यावर मनापासून विश्वास होता. घर तपासून झालं की ती दारावर थाप मारायची आणि मनात म्हणायची, इथं कोणी दुपारी झोपेत जाणार नाही.

पण जी भिंत हवा जाऊ देत नाही ती आवाजही जाऊ देत नाही. घरांची दारं तिपदरी होती, काचा तिपदरी होत्या. बाहेरून कुणी मोठ्यानं हाक मारली तरी आत टाचणी पडल्याएवढंही ऐकू येत नसे. बहुतेकांना ते आवडलं. सामान घेऊन राहायला आलेली माणसं म्हणत, काय शांतता आहे हो!

दिवाकररावांना मात्र ती शांतता सोसेना. जुन्या घरी ते सकाळी उठायचे ते दयाळ पक्ष्याच्या शिळेनं. दूधवाला, शेजारचा रेडिओ, कोणाचा कुकर, या सगळ्यांवरून त्यांना वेळ कळायची. संध्याकाळी टिटवी ओरडत गेली की ते म्हणायचे, "चल, दिवा लाव." नोकरीत असताना रात्री मचाणावर बसून चितळाच्या एका हाकेवरून वाघ कोणत्या नाल्यानं चालला आहे ते सांगणारा माणूस. डोळे गेल्यावर त्यांनी आपलं सगळं जग कानांत आणून ठेवलं होतं. आता ते बोलणाऱ्या घड्याळाला पुन्हा पुन्हा वेळ विचारायचे.

"प्रणू, मले काहीच ऐकू येत नाही इथं," ते एकदा म्हणाले. "मी मेलो का जिवंत आहो, तेही समजत नाही."

"असं काय बोलता?"

"खरं सांगून राहिलो. जरासं भोक ठेव ना कुठं. बोटभर."

"बोटभर भोकातून किती थंडावा जाईल माहीत आहे?"

तिनं दुसरा उपाय केला. बाहेर एक माइक लावला आणि आत त्यांच्या खुर्चीजवळ एक स्पीकर. दिवाकरराव एक दिवस ते ऐकत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो बंद करायला सांगितला.

"आवाज येते, पण कुठून येते ते समजत नाही. सगळे पक्षी एका डब्यात कोंडल्यासारखे वाटतात. दयाळ डाव्या हाताले आहे का उजव्या, ते तर कळलं पाहिजे ना."

"उन्हाळा होऊ द्या बाबा. उन्हाळ्यानंतर काहीतरी करू आपण. आता फार काम आहे."

ते खोटं नव्हतं. एप्रिल लागला होता आणि पावसाळ्याआधी सगळी घरं भरायची होती.

*

एप्रिलच्या मध्यावर तिच्या फोनवर तिच्याच घराचा आकडा हलला. प्रत्येक घराची श्वासपेटी दिवसातून केव्हातरी आपला पंखा क्षणभर जोरात फिरवून घराचा दाब कसा बदलतो ते बघत असे. त्यावरून घर गळू लागलं की लगेच कळे. प्रणाली घरी आली. बाबा खुर्चीत बसले होते, पण खुर्ची नेहमीच्या जागी नव्हती. ती खिडकीच्या कोपऱ्याशी ओढलेली होती. चौकटीचं रबर एका ठिकाणी उचकटलेलं होतं आणि खाली भुसा पडावा तसे डिंकाचे कण पडले होते. बाबांच्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बाहेर दिसत होतं.

"हे काय केलंत?"

"कुठं काय?" ते म्हणाले. मग त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. "इकडं ये. चूप राहा. ऐक."

ती वाकली. फटीतून उकडलेल्या गवताचा वास येत होता आणि दुरून कुठून तरी तोच तोच आवाज.

"तांबट आहे," दिवाकरराव म्हणाले. "बसला असंल त्या टोकाच्या कडुनिंबावर. त्याले ऊन लागत नाही. भर दुपारी ठोक ठोक करत राहते."

कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा असा उजळला होता. प्रणालीनं फोन पुन्हा पाहिला. आकडा वाढला होता तरी मर्यादेच्या आत होता. तिनं रबर तसंच राहू दिलं. पुढचे काही आठवडे ती घरी आली की ते तिला दिवसभराचं सगळं सांगत. नदीकडून टिटव्या आल्या. सातभाई पक्ष्यांचं भांडण झालं. गल्लीतून एक बाई रोज चपला घासत जाते, तिचा पाय दुखत असावा.

मे महिन्यात लाट आली. पारा एकोणपन्नासला जाऊन टेकला आणि तिथंच राहिला. टाक्यातला बर्फ रात्रभरात जेवढा व्हायचा तेवढा दुपारपर्यंत संपू लागला. गार पाणी आधी जवळच्या घरांना जायचं आणि शेवटी गल्लीच्या टोकाला. ज्या घराची थंडी गळते त्या घराचा नळ आपोआप जास्त पाणी ओढायचा, म्हणजे टोकाच्या घराला तेवढं कमी मिळायचं.

टोकाच्या घरात स्नेहल बोबडे राहत होती. नवरा पुण्याला नोकरीला, आणि ती तिच्या लहानग्या मुलीला घेऊन एकटी. मूल दिवस भरायच्या आधीच झालेलं. ते इतकं छोटं होतं की स्नेहल त्याला उशीवर ठेवून उचलायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोली तापू द्यायची नाही.

लाटेतल्या एका संध्याकाळी स्नेहलचा फोन आला. तिचा आवाज कापत होता. "ताई, खोली तापतेय. दुपारपासून तापतेय. हिचं अंग बघा ना कसं लाल झालंय. दूधही घेत नाहीये."

प्रणालीनं गल्लीतल्या सगळ्या घरांचे आकडे काढले. एकच घर मर्यादेबाहेर गेलं होतं. ती घरी आली. बाबांनी फट वाढवली होती. आता तिच्यातून दोन बोटं सहज जात होती.

"मले नीट ऐकू येत नव्हतं म्हणून," ते म्हणाले.

"बाबा, ही फट मी आत्ता बुजवणार आहे."

"आत्ता नको. उद्या बुजव. तांबटाची जोडी आहे ती, घरटं करून राहिली. आज सकाळीच समजलं मले."

"टोकाच्या घरात एक तान्हं बाळ तापतंय. आपल्या घरामुळं."

त्यांनी तिच्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "पोरगं आहे का पोरगी?"

"मुलगी."

"मग बुजव," ते म्हणाले. थोड्या वेळानं, ती डिंक भरत असताना, ते पुन्हा बोलले. आवाज अगदी हळू होता. "पण दुसरं काही तरी कर, प्रणू. मी इथं असा नाही राहू शकत. खरंच सांगून राहिलो."

"करते बाबा. ही लाट ओसरू द्या."

तिनं रबर घट्ट बसवलं. वरून डिंकाची नळी फिरवली. बाहेरचं सगळं एकदम तुटलं. दिवाकरराव भिंतीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. प्रणालीनं ते पाहिलं. पण फोनवर आकडा खाली येत होता आणि तिला स्नेहलला कळवायचं होतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणाली स्नेहलच्या घरी गेली. खोली गार झाली होती. बाळ पाळण्यात मुठी आवळून झोपलं होतं. स्नेहलनं चहा ठेवला.

"ताई, तुम्ही नसता तर काय झालं असतं मला कळत नाही," ती म्हणाली.

"काही झालं नसतं. एका घराची फट होती, ती बुजवली." ते घर कोणाचं होतं ते तिनं सांगितलं नाही. ती बराच वेळ तिथं बसली. सकाळपासून ती उन्हात फिरत होती आणि इथं बरं वाटत होतं. बाळाच्या श्वासाव्यतिरिक्त घरात कसलाच आवाज नव्हता. दोघी बाळाच्या नावावरून बोलत बसल्या.

निघताना तिनं दार उघडलं. बाहेरची आग तोंडावर आली आणि दार कशाला तरी अडलं. पायरीवर दिवाकरराव बसले होते. दाराला पाठ टेकून, मान एका बाजूला कललेली. अंगावर घाम नव्हता. कातडी तव्यासारखी तापलेली होती.

काय झालं ते नंतर जुळवता आलं. दुपारी ते घरातून निघाले होते. घराचं दार आतून उघडणं सोपं होतं. कडुनिंबाच्या दिशेनं, तांबटाच्या आवाजावर ते चालत गेले आणि झाडाखाली थोडा वेळ उभे राहिले असावेत. परत यायला निघाले तेव्हा मात्र त्यांना वाट सापडली नाही. जुन्या वस्तीत प्रत्येक घर ओळखू यायचं. कुठं कूलर घरघरायचा, कुठं भांडी वाजायची. इथं दोन्ही बाजूंना मुकी घरं होती आणि सगळ्या भिंती एकसारख्या. ते एका दारापाशी गेले. अंगठा लावला, पण दार त्यांचं नव्हतं. दाराला बेल नव्हती. आलेल्या माणसाचा चेहरा पाहून आत कळवणारा कॅमेरा होता, आणि लाटेत वीज वाचवायची म्हणून सगळ्या वसाहतीतले कॅमेरे दुपारचे बंद ठेवलेले होते. त्यांनी ठोकलं. दुसऱ्या दारावर ठोकलं. शेवटी स्नेहलच्या.

दारावर धूळ होती, आणि धुळीत पंजे उमटले होते. वरचे स्पष्ट होते, मग खाली खाली येत गेले. शेवटचा पायरीपासून वीतभर उंचीवर होता.

स्नेहल ते पाहत उभी राहिली. "आपण आतच होतो ना ताई," ती म्हणाली. "आपण इथंच बसलो होतो."

प्रणालीनं बाबांच्या अंगावर पाणी ओतलं. त्यांना आत ओढून घेतलं. रुग्णवाहिका येईपर्यंत ती ओल्या चादरीनं त्यांना वारा घालत राहिली. मध्ये एकदा त्यांचे ओठ हलले. तिनं कान जवळ नेला, पण शब्द कळला नाही.

*

दिवाकरराव वाचले. बराच काळ दवाखान्यात गेला. मूत्रपिंडं सावरली. जीभ आधी जड होती, तीही हळूहळू सुटली. पण घरी आले ते दुसरेच होऊन. पूर्वी ते सगळ्या घरात हातानं चाचपत फिरायचे, आता आतल्या खोलीत बसत. त्या खोलीला खिडकी नव्हती.

पावसाळा सरला आणि प्रणालीनं ते काम हाती घेतलं. एका रविवारी तिनं भिंतीला खुर्चीच्या डाव्या बाजूला थाळीएवढं भोक पाडलं, आणि उजव्या बाजूला दुसरं. दोन्हींवर तिनं पातळ पारदर्शक पापुद्रा ताणून बसवला, थोडं अंतर सोडून आणखी एक. चाचणीच्या वेळी खिडक्या झाकायला वापरतात तोच हा पापुद्रा. तत्त्व साधं होतं. आवाज म्हणजे हवेची ये-जा नव्हे. हवेचा नुसता थरकाप. तो पापुद्र्यावर आदळतो, पापुद्रा थरथरतो, आणि त्याच्या थरथरीनं आतली हवा थरथरते. हवा बाहेरची बाहेर आणि आतली आतच राहते, आवाज मात्र पार होतो. माणसाच्या कानाचा पडदा हेच करतो. आणि दोन बाजूंना दोन पडदे असले की आवाज कुठून आला तेही कळतं.

तिनं पंखा लावून मोजलं. पन्नास पास्कलवर आकडा जवळजवळ तोच होता. धुकं सोडलं त्या दिवसाचा.

काम करताना तिला एकच गोष्ट सारखी टोचत राहिली. यातलं काहीच नवीन नव्हतं. पापुद्रा तिच्या गाडीत पडून होता. चौकटी पडून होत्या. मार्चमध्ये त्यांनी पहिल्यांदा बोटभर भोक मागितलं त्या दिवशीही ते सगळं तिच्या गाडीतच होतं. एक दुपार लागली असती. ती एक दुपार तिनं दिली नव्हती, कारण तिला भोक म्हणजे फक्त गळती दिसत होती.

"बाबा, बाहेरच्या खोलीत या जरा," तिनं त्यांना हाताला धरून खुर्चीत आणून बसवलं. मग पडद्यांवरची झाकणं काढली.

आवाज आत आला. लांबून एक ट्रॅक्टर, कोणीतरी कोणाला हाक मारत होतं, आणि उजव्या बाजूनं, खालून वर सरकत, टिटवी. दिवाकररावांनी मान नेमकी तिकडं वळवली.

मग त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले गेले.

"हे बंद होते का?" त्यांनी विचारलं.

"मोठा वाटतो का आवाज? कमी करता येईल."

"नाही. आवाज बराबर आहे. अगदी बराबर आहे." त्यांनी मान पडद्यापासून फिरवली. "बाहेरचं ऐकू आलं का मले वाटते, मी अजून बाहेरच उभा आहो. ठोकून राहिलो आणि आतून कोणी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "बंद कर, बाई. माझ्यानं नाही होत."

प्रणालीनं झाकणं लावली. आधी उजवं, मग डावं.

"दार लागलं ना?" त्यांनी विचारलं.

"लागलं, बाबा."

त्यानंतरचा पडदा तिनं स्नेहलच्या दाराशेजारी बसवला. ते पाहून गल्लीतल्या बाकीच्यांनी मागितले. लोक त्याला कान म्हणू लागले; आमच्या घराला कान बसवून द्या, असे फोन तिला येऊ लागले. चाचणीतही तिनं आपल्यापुरती एक पायरी वाढवली. पंखा बंद झाला की एक कामगार बाहेर उभा राहून दारावर हातानं ठोकायचा, आणि ते आतल्या शेवटच्या खोलीत ऐकू आल्याशिवाय प्रणाली घर पास करत नसे. पुढं इतर जिल्ह्यांतल्या तपासनीसांनीही ते उचललं. एका सभेत तिचा सत्कार झाला. कोणीतरी भाषणात म्हणालं की उराडे मॅडमनी घरांना माणसात आणलं. ती खाली मान घालून बसली होती.

घरी आल्यावर ती बाबांजवळ बसायची. त्यांनी कधी तिला दोष दिला नाही. त्या दुपारचा विषयही काढला नाही. बाळ कसं आहे एवढं मात्र ते विचारत, आणि ते बरं आहे, रांगतं, असं ती सांगे. बाहेर काय ऐकलं तेही ती आता लक्षात ठेवून त्यांना सांगायची. तिला पक्षी ओळखता येत नव्हते. म्हणून ती आवाजाचं वर्णन करायची, जमेल तशी नक्कल करायची, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायची.

एकदा ती खाणीच्या बाजूनं परत येताना एका आवाजानं थांबली होती. ती घाईघाईनं घरी आली आणि चपला काढता काढताच सांगू लागली.

"बाबा, आज एक वेगळाच होता. दोनदा लांब शीळ, आणि मग खाली उतरत गेल्यासारखं काहीतरी. बाभळीवर होता. मी बराच वेळ ऐकलं. कोणता असेल हो?"

तिनं ती शीळ घालून दाखवली. नीट जमली नाही म्हणून पुन्हा घातली.

दिवाकररावांनी मान जरा हलवली. ते विचार करत आहेत असं तिला वाटलं, म्हणून ती वाट पाहत राहिली.

"असंल कोणता तरी," ते म्हणाले.